ब्राउझर बदलला की फोटोही बदलतो? आधी या चुका टाळा

एकच फोटो एका ब्राउझरमध्ये टवटवीत आणि दुसऱ्यात फिका किंवा धूसर दिसला, की दोष लगेच ब्राउझरच्या माथी मारला जातो. परंतु दोन्हीकडची परिस्थिती सारखी नसेल, तर ती तुलनाच ग्राह्य धरता येत नाही.

सर्वांत आधी झूम तपासावा. प्रत्येक ब्राउझर आपापला झूम स्वतंत्रपणे लक्षात ठेवतो, त्यामुळे एकात १०० आणि दुसऱ्यात ११० टक्के झूम असेल, तर १,२०० पिक्सेल रुंदीचा फोटो दुसरीकडे १,३२० पिक्सेलपर्यंत ताणला जातो, वाढीव पिक्सेल शेजारच्यांवरून अंदाजाने भरले जातात आणि पापण्यांचे केस किंवा कापडाची वीण पुसट होते. कंट्रोल आणि शून्य या कळा दोन्हीकडे एकत्र दाबल्या, की झूम मूळ पातळीवर येतो.

रंगांचा प्रश्न अधिक खोल आहे. फाइलमध्ये रंग आकड्यांच्या रूपात असतात आणि त्या आकड्यांचा अर्थ सोबतचे कलर प्रोफाइल सांगते. अडोबी आरजीबी या अधिक विस्तृत रंगांच्या मानकातील फोटोचे प्रोफाइल एक्स्पोर्ट करताना गळाले, तर तेच आकडे एसआरजीबी या वेबवरच्या नेहमीच्या, तुलनेने मर्यादित रंगांच्या मानकाचे समजून वाचले जातात आणि पानांचा गर्द हिरवा रंग मरगळतो. याउलट, विस्तृत रंगक्षमतेच्या मॉनिटरवर प्रोफाइल नसलेला फोटो एखाद्या ब्राउझरने रूपांतर न करता तसाच पडद्याकडे पाठवला, तर चेहरे तांबूस आणि भडक दिसतात. ब्राउझरांमधला खरा फरक बहुधा इथेच असतो.

यावर उपाय करतानाच माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक होते, ती म्हणजे फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमधील दोन आज्ञांची गल्लत. ‘असाइन प्रोफाइल’ केल्याने आकडे तेच राहून केवळ त्यांचा अर्थ बदलतो, तर ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ केल्याने रंग शक्य तितका तोच राखून आकडे बदलले जातात. वेबसाठी फोटो एसआरजीबीत कन्व्हर्ट करावा आणि प्रोफाइल फाइलमध्ये समाविष्ट ठेवावे.

दोन खिडक्या दोन मॉनिटरवर ठेवून केलेली तुलना तर अजिबात विश्वासार्ह नसते. शिवाय काळ्या पार्श्वभूमीवर तोच फोटो डोळ्यांना अधिक उजळ भासतो, म्हणून दोन्ही ब्राउझरांची थीम सारखी करून, एकाच मॉनिटरवर, एकाच जागी खिडक्या आलटून पालटून पाहाव्यात.