छोट्या मशीन शॉपमधून कामावरून कमी करतायत? मग या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मी बारा वर्षं टाइम ऑफिसला होतो. मस्टर, पगार, पीएफचं चलन सगळं हातातून गेलंय, त्यामुळे कोणाला कामावरून कमी केलं की गल्लीतली माणसं कागद घेऊन आमच्या घरी येतात. पण येतात ती सही करून झाल्यावर, आणि तेच बघवत नाही. एक दिवस आधी आला असतास तर, हे वाक्य मी किती जणांना बोललोय त्याचा हिशोब नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे वाचता न येणाऱ्या कागदावर सही करणं. आपल्याकडची पोरं कन्नड फाडफाड बोलतात, शॉपमध्ये शेजारच्या मशीनवर गोकाकचा नाहीतर बैलहोंगलचा माणूस असतोच, पण शाळा मराठी, त्यामुळे लिपी येत नाही आणि मालकासमोर "मला वाचता येत नाही" म्हणायला लाज वाटते.

आमच्या आत्याचा मुलगा असाच अडकला, २०१९ ची गोष्ट. चौदा माणसांचं मशीन शॉप, हा लेथवर नऊ वर्षं. ऑर्डरी कमी झालेल्या. शनिवारी पगाराच्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर मालकांनी चौघांना आत बोलावलं, चहा दिला, गोड बोलले, पुढे काम आलं की पहिला फोन तुलाच करतो म्हणाले. पाकिटात ३५,००० रुपये आणि समोर तीन कागद. हिशोब चुकता झाल्याची सही आहे म्हणाले आणि याने तिन्हीवर मारली. सोमवारी त्यातल्या एकाची झेरॉक्स घेऊन माझ्याकडे आला. हाताला अजून कूलंटचा वास होता. कागदाच्या डोक्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं, राजीनामे. मराठीत राजीनामा, कन्नडमध्ये राजीनामे, शब्द तोच, नुसती लिपी वेगळी. मी बोट ठेवून वाचून दाखवलं तेव्हा तो खालीच बसला. आणि तारीख एक महिना मागची, म्हणजे नोटीस पिरियडसुद्धा कागदावर भरून निघालेला.

आता यात गेलं काय ते बघा. त्याचा बेसिक आणि डीए, म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता, मिळून महिन्याला १५,६०० होता. मालकाने काम नाही म्हणून कमी केलं तर कारण लिहून एक महिन्याची नोटीस द्यावी लागते नाहीतर त्या महिन्याचा पगार, आणि वर्षाला पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराप्रमाणे भरपाई. दोन्ही मिळून ८५,००० च्या घरात जात होतं. पण राजीनामा दिला म्हटल्यावर कमी केलं असं होतच नाही, सगळं पाण्यात. जबरदस्तीने सही घेतली म्हणून भांडता येतं, पण साक्षीला कोण? बाकी तिघांनीही सही मारलेली, आणि त्यातला एक तर तिथेच परत कामाला लागायच्या आशेवर. ग्रॅच्युइटी तेवढी मिळाली, कारण तो हक्क कागदावर सही करून सुटत नाही आणि राजीनामा दिला तरी पाच वर्षं झाली असली की ती लागतेच. पंधरा भागिले सव्वीस गुणिले पगार गुणिले वर्षं, म्हणजे त्याचे ८१,००० होत होते. त्यासाठी दीड वर्ष हेलपाटे मारले.

त्यामुळे माझी सवय सांगतो, कायद्याच्या पुस्तकात नाही मिळणार. कागद पुढे आला की पेन हातात घ्यायचाच नाही. "घरी नेतो, वाचून उद्या देतो" एवढंच म्हणायचं, आवाज न चढवता. नेऊ देत नसतील तर मोबाइलवर फोटो काढायचा. फोटोही काढू देत नसतील तर समजून जा की कागदात काहीतरी आहे. पैशाची फारच अडचण असेल आणि घ्यावेच लागणार असतील तर सहीच्या वर आपल्या हाताने मराठीत लिहा, "एवढी रक्कम मिळाली, बाकीचे हक्क राखून घेतली," आणि आजची तारीख टाका. छापलेल्या तारखेवर विश्वास ठेवू नका.

दुसरी चूक रागाची. मालक म्हणतो उद्यापासून येऊ नको आणि आपला माणूस खरंच जात नाही. स्वाभिमान कळतो मला, पण महिन्याभराने तिकडून उत्तर येतं की हाच न सांगता गैरहजर राहिला. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला गेटवर जायचं म्हणजे जायचं. आत घेतलं नाही तर तिथूनच मालकाला मेसेज टाका, "आज ८ वाजता कामावर हजर झालो, आत घेतलं नाही." त्याच दिवशी तेच कागदावर लिहून स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा. ही पावती मला शंभर भाषणांपेक्षा मोठी वाटते.

"छोटं शॉप आहे, कायदा कुठला" हे तर रोज ऐकतो. ग्रॅच्युइटी आणि ईएसआयला, म्हणजे कामगार विम्याला, दहा माणसं लागतात, पीएफला वीस, हे खरं. पण नोटीस आणि भरपाईला असा आकडा नाही, वर्षात २४० दिवस भरले की झालं, रविवार आणि पगारी सुट्ट्या त्यात धरतात. एकेकाळी दहा माणसं होती आणि आता सहाच राहिली तरी ग्रॅच्युइटी सुटत नाही. शहापूर-वडगावात मागावर पीसवर, म्हणजे नगामागे पैसे घेऊन, काम करणाऱ्यांनाही हे लागू होतं, पण हजेरीचा पुरावा हवा. तेव्हा पगार बँकेत मागा, आणि रोखीत देत असतील तर निदान वहीत तारीखवार लिहून ठेवा. गणपत गल्लीत, खडेबाजारात दुकानात काम करणाऱ्यांसाठी कर्नाटकचा १९६१ चा दुकानांचा कायदा आहे, सहा महिने झालेल्या माणसाला योग्य कारण आणि महिन्याची नोटीस नाहीतर पगार दिल्याशिवाय काढता येत नाही.

कोणाला आधी काढायचं तेही विचारा. एकाच कामावर जो शेवटी लागला तो आधी जातो, जुन्याला काढून नवा ठेवला तर मालकाने कारण लिहून दाखवायचं.

आणखी एक चूक खास आपल्या भागातली, कोल्हापूरच्या पाहुण्याचा सल्ला. पाहुणा प्रेमाने सांगतो, पण तो सांगतो महाराष्ट्राचं. तिकडे १९७१ चा वेगळा कायदा आला, त्यात कामगार स्वतः थेट कोर्टात तक्रार करत आलाय, तो कर्नाटकात कधी लागूच नव्हता. इथे आधी कामगार खात्याच्या अधिकाऱ्याकडे अर्ज, तिथे तडजोडीची बैठक, मग पुढचं. उलटंही होतं. बेळगावात राहून शिनोळीला, किंवा निपाणीहून कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत जाणारा माणूस इथल्या ऑफिसात येऊन बसतो आणि दोन महिने घालवतो. घर कुठे ते बघत नाहीत, कारखाना कुठे ते बघतात.

मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ बघून वकिलाची नोटीस पाठवणारे तरुण मला फार काळजीत टाकतात. हातात नेमणुकीचं पत्र नाही, पगाराची स्लिप नाही, ईएसआयचं कार्ड घरात कुठे आहे ते माहीत नाही, आणि पहिल्याच आठवड्यात भांडण. आधी पासबुक प्रिंट करून घ्या, यूएएनच्या, म्हणजे पीएफ नंबरच्या, पासबुकात कधीपासून पैसे भरलेत ते बघा, कामावरच्या ग्रुपमधले मेसेज सेव्ह करा. ग्रुपमधून काढून टाकायच्या आधी, कारण तेच सगळ्यात आधी करतात.

जुन्या कायद्यांची नावं सांगणाऱ्यांनीही थांबा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतलीय. महिन्याची नोटीस आणि पंधरा दिवसांची भरपाई तशीच आहे. त्यावर आणखी पंधरा दिवसांचा पगार मालकाने नवं कौशल्य शिकण्यासाठीच्या निधीत भरायचा आणि तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यावर जमा व्हायचा, हे बहुतेकांना माहीतच नसतं. काम सुटलं की राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत द्यायचा. शिल्लक रजेचे पैसे मागायला विसरू नका. आणि तक्रारीची मुदत, जी आधी तीन वर्षं होती, ती आता दोनच आहे. बघू, मालक बोलावतील, दिवाळीनंतर काम येईल, असं म्हणत वर्ष काढणाऱ्यांनी ही मुदत संपायची तारीख आजच घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.