द्राक्षाचा हंगाम सुरू होण्याआधी: गाड्यांना जीपीएस लावण्याची तयारी

जीपीएसवाल्याला फोन लावण्याआधी वहीचं एक कोरं पान घ्या आणि गेल्या हंगामात कुठं कुठं वाद झाले ते लिहून काढा. गाडी रात्री दहाला पोचली की पहाटे चारला, हॉल्टिंगचे म्हणजे गाडी खोळंबल्याचे पैसे कुणी द्यायचे, रीफर (माल थंड ठेवणारा कंटेनर) मधे बंद पडला होता का, डिझेल इतकं कसं लागलं, माल मिळाल्याची पोच हातात यायला तीन आठवडे का लागले. आमच्या निफाड-दिंडोरी पट्ट्यातून जानेवारी ते एप्रिल द्राक्षाच्या गाड्या न्हावा-शेव्याला आणि वाशी मार्केटला जातात, तेव्हा असे वाद रोजचेच. यंत्र विकायला येणारा माणूस तीस-चाळीस प्रकारचे रिपोर्ट दाखवतो. त्यातले आपल्या कामाचे कोणते, ते या पानावरून कळतं. आमच्या पानावर सगळ्यांत जास्त ओळी गाडी उभी राहण्याच्या निघाल्या. पॅकहाउसवर, वजनकाट्यावर, बंदराच्या रांगेत. गाडी जोरात पळवण्याबद्दलची तक्रार जेमतेम दोन ओळींची होती. आमची पुढची सगळी तयारी त्या पानावरून ठरली.

दुसरं पान गाड्यांचं. प्रत्येक गाडीपुढं लिहा: वायरिंग १२ व्होल्टचं की २४ व्होल्टचं, बॅटरीचा मेन कट-ऑफ कुठं आहे, गाडी बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांची) आहे का. बऱ्याच बीएस-६ गाड्यांत कंपनीनंच यंत्र बसवून दिलेलं असतं. टाटाचं फ्लीट एज, अशोक लेलँडचं आय-अलर्ट. ते चालू आहे की वर्गणी संपून पडलंय, हे डीलरकडं विचारल्याशिवाय वर दुसरं यंत्र बसवू नका. घातक माल किंवा गॅस वाहणाऱ्या गाडीला एआयएस-१४० या सरकारी मानकाचंच यंत्र लागतं, तिथं स्वस्त-महाग हा विचारच नाही. मार्केटमधून भाड्यानं घेतलेल्या गाड्यांसाठी चुंबकानं चिकटणारी, स्वतःच्या बॅटरीवर चालणारी दोन-तीन यंत्रं वेगळी ठेवा. ती परत आणून द्यायची जबाबदारी बिल्टीवरच (गाडीबरोबरच्या मालाच्या पावतीवर) लिहा, नाहीतर हंगामाच्या शेवटी एकही हाताशी राहत नाही.

ट्रेलरवाल्यांनी इथं जरा थांबावं. यंत्र बसतं घोड्याला, म्हणजे पुढच्या इंजिनवाल्या भागाला, माल असतो कंटेनरमध्ये. घोडा सुटला, दुसऱ्या ट्रेलरला लागला, की स्क्रीनवरचा ठिपका तुमच्या द्राक्षाबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून घोड्याचा नंबर, ट्रेलरचा नंबर, कंटेनरचा नंबर (चार अक्षरं आणि सात आकडे, सगळे) आणि सीलचा नंबर एकाच ओळीत लिहायची सवय लावा, आणि गाडी सुटण्याआधी सीलचा फोटो घ्या. आयात-निर्यातीच्या कंटेनरला रेडिओनं वाचला जाणारा आरएफआयडी टॅग लावून त्याचा माग दाखवणारी लॉजिस्टिक्स डेटा बँक २०१६ साली आपल्या न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातूनच सुरू झाली. कंटेनर बंदराच्या गेटमधून कधी गेला हे त्या नंबरावरून बघता येतं. घोड्याचा जीपीएस आणि ही नोंद शेजारी ठेवली की बंदरातली वाट पाहणी स्पष्ट दिसते.

विकत घेताना किमतीआधी चार प्रश्न विचारा. सिम कोणत्या नेटवर्कचं, आणि ते २जी यंत्र आहे की ४जी? जिओला २जी नाहीच, तेव्हा यंत्र आणि सिम यांची जोडी जमते का ते आधी बघा. नेटवर्क गेलं तर यंत्र लोकेशन साठवून ठेवतं का, आणि किती वेळ? कसारा घाटात हा प्रश्न रोज पडतो. जुन्या नोंदी किती महिने राहतात? मालाचा क्लेम कधीकधी सहा महिन्यांनी येतो आणि तेव्हा नोंदी पुसल्या गेलेल्या असतात. वर्षभराच्या तरी मिळायला हव्यात. चौथा प्रश्न सगळ्यांत मोठा: नोंदी आपल्याला एक्सेलमध्ये उतरवून घेता येतात का? आम्ही पहिल्या वर्षी स्वस्त मिळाली म्हणून सहा यंत्रं घेतली. दुसऱ्या वर्षी विकणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं, अ‍ॅप बंद झालं, आणि वर्षाच्या नोंदी गेल्या. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला फाइल उतरवून ठेवतो.

बसवण्याच्या दिवशी स्वतः हजर राहा. यंत्राला आभाळ दिसायला हवं. प्लॅस्टिकच्या डॅशबोर्डखाली चालतं, पत्र्याखाली नाही. इग्निशनची वायर नीट जोडली नसेल तर गाडी रात्रभर ढाब्यावर बंद उभी असूनही इंजिन चालू दिसतं, आणि मग त्या रिपोर्टवर विश्वास ठेवून एखाद्या ड्रायव्हरला उगाच बोललं जातं. कट-ऑफ फिरवल्यावर यंत्र स्वतःच्या बॅटरीवर चालतं का आणि ‘वीज तुटली’ असा संदेश येतो का, ते तिथंच करून बघा. फ्यूज कुठं बसवला ते ड्रायव्हरला दाखवा.

डिझेलचा सेन्सर घेणार असाल तर एक अख्खा दिवस मोकळा ठेवा. टाकी पूर्ण रिकामी करून वीस-वीस लिटर मोजून भरायची, दर टप्प्याला आकडा नोंदवायचा. टाकीचा आकार सरळ नसतो, म्हणून हे टाळलं तर आकडे खोटेच येणार. बरोबर केलं तरी घाटात डिझेल एका बाजूला झुकतं आणि आलेखात अचानक घट दिसते. गाडी सपाटीला आली की आकडा परत वर जातो. हे माहीत नसलेल्या मालकानं कसाऱ्यात डिझेल चोरल्याचा आळ घेतला, आणि चौदा वर्षं कामावर असलेला ड्रायव्हर सोडून गेला, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. उभ्या गाडीतली घट आणि धावत्या गाडीतली घट वेगळी दाखवणारा रिपोर्ट मागून घ्या.

रीफरला तापमानाचे दोन आकडे हवेत: मशीनमधून बाहेर पडणारी हवा आणि फिरून परत येणारी हवा. द्राक्षं शून्य अंशाच्या आसपास न्यायची असतात, आणि रीफर हे तापमान राखतो. गरम माल थंड करण्याची त्याची ताकद नसते. प्री-कूलिंग (भरण्याआधी माल थंड करणं) नीट झालेलं नसेल तर परतीच्या हवेचा आकडा तासन्‌तास वरच राहतो, आणि दोष गाडीवर येतो. म्हणून भरताना पेट्यांतल्या मण्यांचं तापमान मोजून पॅकहाउसच्या माणसाची सही घ्या. दार उघडल्याचा सेन्सर आणि रीफरला वीज देणाऱ्या जनसेटमधल्या डिझेलचा इशारा या दोन गोष्टींवर पैसे वाचवू नका.

आता उभं राहण्याकडं येतो. प्रत्येक ठिकाणाभोवती हद्द आखायची: पॅकहाउस, काटा, बफर यार्ड (बंदराआधी गाड्या थांबवायची जागा), बंदराचं गेट, वाशीचं फळ मार्केट. हद्द गेटपुरती ठेवली तर बाहेर रस्त्यावर लागलेली रांग मोजली जात नाही, आणि खरा वेळ तिथंच जातो. आम्ही दोन हद्दी आखतो, आत छोटी आणि बाहेर रांगेसकट मोठी. गाडी मोठ्या हद्दीत शिरली ती वेळ आणि रिकामी होऊन बाहेर पडली ती वेळ, यांतला फरक थेट बिलावर येतो. त्यासाठी हंगामाआधी माल देणाऱ्या पार्टीशी लेखी ठरवा: किती तास फुकट, त्यापुढं तासाला किती, आणि दोघांनी कुणाच्या घड्याळावर विश्वास ठेवायचा. हे न ठरवता नंतर नकाशा दाखवला तर कुणी पैसे देत नाही. ठरवलं तर भांडणही होत नाही, आणि हॉल्टिंगच्या पैशातला ठरलेला वाटा ड्रायव्हरला मिळतो. रात्रभर रांगेत तो बसलेला असतो.

ड्रायव्हरांची बैठक यंत्र बसवण्याच्या आधी घ्या, नंतर नको. आमच्याकडं सगळ्यांत जुने मामा उठून म्हणाले, “म्हणजे आता आमच्यावर विश्वास नाही का?” त्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायला हवं. काय दिसणार, कुणाला दिसणार, सुट्टीच्या दिवशी गाडी त्यांच्या दारात उभी असेल तेव्हा काय, हे मराठीत आणि हिंदीत कागदावर लिहून द्या. यंत्राच्या एकट्या आकड्यावर कुणाचा पगार कापणार नाही, आधी त्याचं म्हणणं ऐकू, हेही लिहा. आणि त्याच यंत्रावर त्यांचे तास मोजा. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी साधारण मर्यादा घातली होती, आणि ५ तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. हंगामात तासांचा नियमच सगळ्यांत आधी मोडतो. पाच तास झाले की इशारा ऑफिसला येऊ द्या, आणि गाडी थांबवायला ऑफिसनंच सांगावं. मामांना हा भाग दाखवला तेव्हा त्यांनीच बाकीच्यांना समजावलं.

रात्री स्क्रीन कोण बघणार, त्याचं नाव ठरवा. जनसेटच्या डिझेलचा आणि पाच तासांचा हे वरचे दोन सोडून इशारे पाचच ठेवा: वीज तुटली, तापमान चढलं, दार उघडलं, ठरल्या वाटेबाहेर बराच वेळ उभी, वेग जास्त. मालवाहू ट्रकला ताशी ८० चा वेग-नियंत्रक असतोच. घाट उतरताना त्याहून बरीच कमी मर्यादा वेगळी लावा. पन्नास इशारे लावले तर आठ दिवसांत कुणी एकही बघत नाही. चालत्या गाडीच्या ड्रायव्हरला फोन करायचा नाही, हा नियम रात्रपाळीच्या माणसाच्या टेबलासमोर चिकटवा. ठिपका थांबल्यावर फोन. समृद्धीवर इगतपुरीजवळच्या सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत, तेव्हा तिथं ठिपका गोठला तर घाबरून फोन लावू नका.

पार्टीला लाइव्ह लिंक द्यायची ती त्या फेरीपुरती, माल उतरला की बंद होणारी. पोच पावतीचा फोटो त्याच जागी, सही-शिक्क्यासकट, गाडी हलण्याआधी.

ताज्या द्राक्षांना ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागत नाही, त्यामुळं त्याची सवय सुटते. परतीच्या भाड्याला मात्र ते लागतं. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मुदत असते, आणि वाढवून घ्यायची तर मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंतच. गाडी कुठं बिघडून उभी राहिली की ठिपक्याबरोबर ई-वे बिलाची मुदतही बघा. माल दुसऱ्या गाडीत घातला तर त्या बिलाच्या भाग-ब मध्ये नव्या गाडीचा नंबर टाकूनच पुढं निघा.

हे सगळं पहिल्या गाडीच्या निदान दहा दिवस आधी एका गाडीवर चालवून बघा. तपासायला सोपा उपाय आहे: फास्टॅगचं स्टेटमेंट काढा आणि घोटीच्या टोलची वेळ जीपीएसच्या वेळेशी जुळवा. दोन-चार मिनिटांचा फरक चालेल, तासाचा असेल तर यंत्राचं घड्याळ किंवा सेटिंग चुकलंय. मग ड्रायव्हरची ट्रिप शीट शेजारी ठेवा आणि तिघांत न जुळणाऱ्या जागांवर त्याच्याबरोबर बसून खुणा करा. आमच्या पहिल्या चाचणीत अशा सात जागा निघाल्या. पाच ठिकाणी ट्रिप शीट बरोबर होती.