हँडलची थरथर आणि क्रँकचा प्रकार
माझ्या दोन सिलिंडरच्या मोटारसायकलचे हँडल ४००० आरपीएमला थरथरू लागले. न्यूट्रलमध्ये रेस केल्यावरही तसेच होत असल्याने चाकांवरचा संशय मिटला. मग ही थरथर क्रँकच्या (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणाऱ्या दांड्याच्या) प्रकारामुळे आहे का, हे पाहायला स्पार्क प्लग काढून भोकांत पिस्टनवर टेकतील अशा प्लॅस्टिकच्या लांब नळ्या सोडल्या आणि टॉप गिअरमध्ये मागचे चाक सावकाश फिरवले. दोन्ही नळ्या एकदम वर आल्या असत्या तर क्रँक ३६० अंशांचा, एक वर असताना दुसरी तळाशी असती तर १८० अंशांचा. इथे मात्र दुसरी जवळपास मधोमध होती, म्हणजे २७० अंशांचा. या इंजिनाचे ठोके मुळातच विषम अंतराने पडतात, त्यामुळे त्या आवाजालाच बिघाड समजून कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) उघडणे व्यर्थ असते. खरा दोष इंजिन माउंटिंगच्या (इंजिन चौकटीला धरणाऱ्या जोडणीच्या) मागच्या बोल्टभोवती साचलेल्या तांबूस भुकटीने दाखवला: सैल बोल्ट घासून पडलेला तो गंज होता. नवा बोल्ट टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) मॅन्युअलप्रमाणे आवळताच थरथर थांबली.