झोन मोजण्याआधी प्लेटची जाडी बघा

एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र करून मी तुर्भ्याच्या एका लॅबमध्ये लागले. सकाळची ठाणे–वाशी लोकल, आणि पहिला महिनाभर काम एकच: प्लेट ओतणे, म्हणजे जंतू वाढवायची अगरची जेली बश्यांत ओतणे. औषधप्रतिकारावर काम करायला आले आणि हे काय, अशी चिडचिड व्हायची.

एका सोमवारी ई. कोलाय या जंतूचे सगळे झोन, म्हणजे औषधाच्या डिस्कभोवती जंतू न वाढलेली गोल जागा, मोठे आले. औषधं छान चालतायत म्हणून मी खूश. मॅडमनी कंट्रोलची प्लेट मोजली; तिच्यावर एटीसीसी 25922 हा प्रमाणित ई. कोलाय असतो, त्याचा झोन किती यायला हवा ते ठरलेलं असतं. तिचाही झोन मर्यादेबाहेर. मग प्लेट तिरकी करून उजेडाकडे धरली. "अगं, ही प्लेट आहे की पापड?" म्युलर-हिंटन अगरचा थर साधारण 4 मिमी हवा, मी बाटली पुरवून पुरवून ओतली होती. पातळ थरात औषधाला खाली उतरायला जागा नसते, ते आडवं पसरतं, झोन फुगतो आणि प्रतिकारक जंतू रिपोर्टात संवेदनशील ठरतो. उलट, 0.5 मॅकफार्लंड या गढूळपणाच्या मापापेक्षा (मिलीलिटरला सुमारे 15 कोटी पेशी) जंतूंचं दाट द्रावण पसरलंत तर झोन आक्रसतो.

मुलाखतीत हमखास अडकवणारा प्रश्न म्हणजे रेझिस्टन्स (प्रतिकार) आणि पर्सिस्टन्स (प्रतिकार नसताना नुसतं तग धरणं) यांमधला फरक. 1944 मध्ये जोसेफ बिगर यांना दिसलं, की पेनिसिलिन देऊनही मूठभर स्टॅफिलोकोकस उरतात, पण त्यांची पुढची पिढी त्याच पेनिसिलिनने मरते. उपासमार किंवा इतर ताणामुळे काही पेशी सुस्तावतात. पेनिसिलिन पेशीभित्तीच्या बांधकामात खोडा घालतं. बांधकामच बंद असेल तर खोडा कशात घालणार? प्रतिकारक जंतूचं तसं नाही. तो बीटा-लॅक्टमेज या एन्झाइमने औषध फोडतो किंवा पंपाने बाहेर फेकतो, आणि ही जनुकं पुढच्या पिढीला देतो, प्लाझ्मिडवर (डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यावर) असतील तर शेजाऱ्यालाही. कॅथेटरवरच्या बायोफिल्ममध्ये (जंतूंच्या चिकट थरात) त्या तग धरणाऱ्या सुस्त पेशी भरपूर असतात. म्हणून डिस्क टेस्टमध्ये (झोन मोजायच्या याच चाचणीत) 'एस', म्हणजे जंतू संवेदनशील, असं आलेलं औषध रुग्णात कधी कधी फसतं.

पगाराबद्दल विचाराल तर सुरुवातीला पासाचे पैसे वजा करूनच हिशोब मांडा. लॅबकोट लोकलमध्ये घालू नका, कितीही ऐटदार वाटला तरी.

झोनच्या आत एखादी एकटी कॉलनी दिसली तर प्लेट लगेच ऑटोक्लेव्हला (वाफेने निर्जंतुक करायला) टाकू नका. ती उचला, पुन्हा स्ट्रीक करा (नव्या प्लेटवर रेघोट्या ओढून वाढवा), ग्रॅम स्टेन करा (रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघा). प्रतिकारक उपगट असेल, मिश्र कल्चर असेल. माझी पहिली अशी कॉलनी निघाली जांभळ्या गोलांचे घोस: स्टॅफिलोकोकस, बहुधा माझ्याच हातावरचा.