शिसवी झोपाळ्याची फळी पुन्हा कशी उजळावी

ओटीवरचा शिसवी झोपाळा मळकट दिसू लागला की पॉलिशवाला सरळ घासायचं मशीन लावतो. ते लावू देऊ नका. पिढ्यान् पिढ्या बसून-उठून आलेली झिलई कागदाएवढ्या पातळ थरात असते. एकदा गेली की कोणतंही पॉलिश ती परत आणत नाही.

काम दिवाळी ते शिमगा या दिवसांतच काढा. पावसाळी हवेत पॉलिशमधलं स्पिरिट उडताना लाकूड गार पडतं, त्यावर दमटपणा बसतो आणि पॉलिश दुधासारखं पांढरं होतं.

आधी लाकूड ओळखा. फळीच्या खालच्या बाजूला, कोपऱ्यात काचेच्या तुकड्याने थोडं खरवडा. शिसव आतही जांभळट तपकिरी असतो, मधून काळ्या रेषा जातात. रंग दिलेलं आंब्याचं लाकूड आतून फिकटच निघतं. वजनही बोलतं: ५ फूट लांब, २ फूट रुंद, २ इंच जाड शिसवी फळी ४० किलोच्या आसपास भरते. कडेला पांढरट पट्टा असेल तर तिथे नीट पाहा. गाभ्याला सहसा कीड लागत नाही, या पांढऱ्या भागाला लागते. बारीक भोकांतून पीठ पडत असेल तर आधी कीडनाशक भरून घ्या.

आता कड्या काढून फळी सावलीत आडवी ठेवा आणि टर्पेंटाइनच्या फडक्याने दोन-तीनदा पुसा. आपल्याकडे चमक यावी म्हणून खोबरेल चोळायची सवय आहे. ते कधीच वाळत नाही, धूळ धरतं आणि त्यावर पॉलिश टिकत नाही. फडकं स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहा.

मग कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब टाका. मिनिटभरात चिकट झालं तर जुनं पॉलिश लाखेचं आहे; ते काढायची गरज नाही, ३२० नंबरच्या पॉलिशपेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलकं घासलं की पुरे. घासताना मास्क लावाच, शिसवाच्या भुशाने कित्येकांच्या अंगाला खाज सुटते. वर ऑइलपेंट असेल तर पतरीने (पातळ पोलादी पट्टीने) खरवडा. कॉस्टिक सोडा वापरू नका, लाकूड काळवंडतं.

पॉलिशसाठी अर्धा लिटर स्पिरिटमध्ये १०० ग्रॅम चपडा लाख (पातळ पापुद्र्यांची लाख) काचेच्या बाटलीत रात्रभर भिजवा. लोखंडी डबा नको, लाख काळी पडते. सकाळी मलमलीतून गाळा. भेगा असतील तर शिसवाचाच भुसा याच लाखेत कालवून भरा.

कापसाची पोटली मलमलीत बांधून ओली करा, पिळा आणि न थांबता लांब हात मारा. हात मध्येच थबकला की खालचा थर विरघळून पोटलीला चिकटतो, तिथे खडबडीत डाग राहतो. पाऊण तासाच्या अंतराने चार हात (थर), रात्रभर विश्रांती, पेपरचा हलका हात, मग आणखी तीन-चार. शेवटच्या हातांना पोटलीवर जवसाच्या तेलाचा एकच थेंब घ्या, म्हणजे ती सरकते. तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा.

आठ दिवस फळीवर कोणाला बसू देऊ नका. कड्यांचे स्क्रू पितळीच घ्या आणि आधी ड्रिलने भोक पाडा. शिसव इतका कठीण की भोकाशिवाय स्क्रू मोडतो, नाहीतर फळी चिरते.