पाटणादेवीच्या जंगलात केदारकुंडापर्यंत: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

चाळीसगावहून पाटणादेवी सुमारे १८ किलोमीटर. हे गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे, त्यामुळे आधी वनखात्याच्या नाक्यावर नोंद करायची आणि कोणती वाट चालू आहे ते तिथेच विचारायचं. परतीची शेवटची एसटी मात्र चाळीसगाव स्टँडवरच विचारून घ्या.

वाट सोपी आहे. अवघड होते ती नाल्यामुळे आणि उशिरा निघाल्यामुळे.

सकाळी आठच्या आत मंदिरापासून चालायला लागा. माणशी तीन लिटर पाणी, मीठ-साखरेच्या पुड्या, कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी पुरते. भरीत नको, दुपारपर्यंत आंबतं. खाऊ पिशवीत लटकवू नका, सॅकमध्ये बंद ठेवा, नाहीतर मंदिराजवळची वानरं हिसकावतात.

पुढे केदारकुंडापर्यंत, म्हणजे धबधब्याखालच्या कुंडापर्यंत, सगळं नाल्याच्या खोऱ्यातून. जाताना पाणी कोणत्या हाताला आहे ते लक्षात ठेवा. नाला ओलांडला की तिथल्या झाडाचा मागे वळून फोटो काढा, कारण येताना तीच जागा उलटी दिसते आणि गुरांच्या पाऊलवाटा फसवतात. पानगळीत सागाची पानं वाट झाकतात, शिवाय त्यांच्यावरून पाय सटकतो. उतारावर पाऊल आडवं टाका. पानांच्या ढिगात किंवा दगडाखाली हात घालू नका, फुरसं आणि विंचू तिथेच असतात.

पावसाळ्यात नाल्याकडे डोळे ठेवा. पाणलोट वर कन्नडच्या पठारावर आहे. खाली ऊन असताना वर पाऊस पडला तरी इथे लोंढा येतो. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला की फोटोसाठीही थांबू नका, मंदिराच्या बाजूच्या काठावर या. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर ओलांडायचंच नाही. ओसरेपर्यंत उंचावर बसा. काळ्या गुळगुळीत कातळावर शेवाळ असतं, खरबरीत दगड निवडा. कुंडात उतरू नका. धबधब्याखालची खोली वरून कळत नाही.

कातळाला आग्यामोहोळ दिसलं तर अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको. माश्या उठल्याच तर हात झटकू नका, डोकं-तोंड कापडाने झाकून झाडीतून लांब पळा. पाण्यात बुडी मारणं निरुपयोगी, त्या वर घिरट्या घालत राहतात.

दिवाळीनंतर खाजकुयलीच्या शेंगा वाळतात. मखमली, तपकिरी, दिसायला गोड. लव अंगाला लागली तर चोळू नका, चिकटपट्टीने उचला, मग धुवा. म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट.

सप्टेंबरअखेर ते डिसेंबर हा उत्तम काळ, नवरात्रातली गर्दी सोडून. एप्रिल-मे टाळा, साग निष्पर्ण असतो आणि सावली शोधावी लागते.

दुपारी एकला असाल तिथून मागे फिरा. दरीत ऊन लवकर जातं आणि बिबट्या संध्याकाळी फिरतो. वेळ उरला तर हेमाडपंती महादेव मंदिर पाहा. इथल्या पाटणे गावच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याची नोंद आहे. कन्हेरगडावरची नागार्जुन लेणी चढाची आहेत, ती दमलेल्या पायांनी नको. पितळखोऱ्याच्या लेण्यांना तर वेगळा दिवस आणि स्थानिक वाटाड्या हवाच.