सायकलस्वाराच्या नजरेने चौक कसा तपासायचा

रोजच्या वाटेवरचा एखादा चौक जीव मुठीत धरून ओलांडावा लागतो आणि त्याच्या पुढचाच, तितकीच वाहनं असूनही, निवांत पार होतो. या फरकाचं कारण बहुतेक वेळा आखणीत सापडतं, आणि आखणी मोजता येते. मी रस्त्यांचे नकाशे काढते आणि कामावर सायकलनेच जाते, म्हणून मोजण्याची माझी रीत सांगते. त्यासाठी टेप, सुतळी, खडू आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच एवढंच लागतं. वाहतूक डावीकडून चालते असं मी धरलं आहे. जिथे उजवीकडून चालते तिथे डावं-उजवं बदलून घ्या.

पहिल्या दिवशी सायकल नेऊच नका. गर्दीच्या वेळी कोपऱ्यावर अर्धा तास उभे राहा आणि आधी खाली बघा. धूळ आणि बारीक खडी जिथे साचून राहते तिथून चाकं जात नाहीत. म्हणजे तेवढी जागा वाहनांना लागतच नाही. कडेच्या दगडांवर टायरचे काळे ओरखडे असतील तर मोठी वाहनं तिथे कोपरा कापतात. इंडिकेटरच्या नारिंगी काचा किंवा आरशाचे तुकडे दिसले तर भोवती खडूने वर्तुळ काढून फोटो घ्या. किरकोळ धडकांची नोंद कुठेच होत नाही, तुकडे मात्र पडून राहतात.

मग कोपऱ्याची गोलाई मोजा. माझ्या मते सायकलस्वाराचं बरंवाईट सर्वात जास्त हीच ठरवते. दोन्ही रस्त्यांच्या सरळ कडांच्या रेषेत सुतळ्या ताणा आणि त्या एकमेकींना जिथे छेदतात तिथे खूण करा. ही खूण रस्त्यात येते, म्हणून हे काम पहाटे, वाहतूक नसताना आणि सोबतीला कुणी असेल तरच करायचं. चौक काटकोनी असेल तर कड जिथे वळायला लागते तिथपासून या खुणेपर्यंतचं अंतर म्हणजे गोलाईची त्रिज्या. त्रिज्या चौपट झाली की चालक तेवढ्याच आरामात दुप्पट वेगाने वळू शकतो. ४ मीटरच्या कोपऱ्यावर त्याला ब्रेक दाबावाच लागतो. १६ मीटरच्या कोपऱ्यावर तो फारसा वेग न तोडता वळतो, आणि नेमका तेव्हाच सरळ जाणारा सायकलस्वार त्याच्या डाव्या अंगाला असतो. सिग्नलला न थांबता वळू देणारा फ्री लेफ्ट हे याच आखणीचं टोक. उपाय मात्र स्वस्त आहे: खडी साचणाऱ्या त्या जागेत लवचिक खांब रोवून कोपरा आवळायचा. खोदकाम लागत नाही. मोठ्या वाहनांना वळता येत नाही असं दिसलं तर खांब थोडे मागे घेता येतात.

वेगावर मी एवढा भर देते त्याला कारण आहे. चालकाला भानावर यायला एक सेकंद लागतो असं धरलं, तर ताशी ३० किलोमीटरने येणारी मोटार कोरड्या रस्त्यावर साधारण १३ ते १४ मीटरांत थांबते. ताशी ५० ला तेवढं अंतर पाय ब्रेकवर पडेपर्यंतच संपलेलं असतं, आणि धडकेतली ऊर्जा जवळजवळ पावणेतीन पट होते. चालकाला कितीही डोळ्यांत तेल घालून गाडी चालवायला सांगा, हे गणित बदलत नाही. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये रस्ते-मृत्यू शून्यावर आणण्याचं धोरण स्वीकारलं. माणूस चुकणारच, म्हणून त्याची चूक प्राणघातक ठरणार नाही असा रस्ता बांधायचा, हा त्याचा पाया आहे. मला तो पूर्णपणे पटतो.

आता सायकलमार्गाचं चौकात काय होतं ते पाहा. बहुतेक ठिकाणी तो चौकाच्या थोडा आधीच संपतो किंवा नुसत्या रंगाच्या पट्ट्यावर येतो. रंगाचा उपयोग मर्यादित असतो. कोपनहेगनमध्ये निळ्या पट्ट्यांचा अभ्यास झाला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकच निळा पट्टा असलेल्या चौकांत अपघात १० टक्क्यांनी घटले होते, पण दोन पट्टे असलेल्या चौकांत २३ टक्क्यांनी आणि चार पट्टे असलेल्या चौकांत ६० टक्क्यांनी वाढले होते. त्यामुळे 'सगळीकडे रंग मारा' अशी मागणी मी कधी करत नाही.

नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. आईबापांनी आंदोलन उभारलं, आणि पुढच्या काही दशकांत तिथली आखणी बदलत गेली. आज तिथल्या अनेक चौकांत सायकलची ओलांडणी मुख्य रस्त्याच्या कडेपासून सुमारे ५ मीटर, म्हणजे एका मोटारीच्या लांबीएवढी, आत घेतलेली असते. कोपऱ्यावर दगडी बेट असतं. त्यामुळे डावीकडे (तिथे उजवीकडे) वळणारी गाडी ओलांडणीपाशी येईपर्यंत जवळपास काटकोनात फिरलेली असते. सायकलस्वार आरशाच्या कोपऱ्यात न राहता चालकाला समोर दिसतो. थांबायलाही जागा मिळते, मागच्यांचा खोळंबा न करता. तुमच्या चौकात हे अंतर टेपने मोजा. एक-दोन मीटर निघालं तर गाडी धड वळलेलीही नसते आणि सायकल आरशाच्या आंधळ्या भागात असते.

सायकलमार्ग दुहेरी असेल तर आणखी एक तपासणी करा. बाजूच्या रस्त्यावरून डावीकडे वळायला आलेल्या चालकांची मान कुणीकडे वळते ते बघा. ते उजवीकडे बघतात, कारण गाड्या तिकडून येतात. डावीकडून येणारी सायकल नजरेतून सुटते. फिनलंडमधल्या संशोधकांनी १९९०च्या दशकात चालकांच्या नजरेचा अभ्यास करून हेच दाखवलं होतं, फक्त तिथे वाहतूक उजवीकडून असल्याने बाजू उलट होत्या. अशा ठिकाणी ओलांडणी उंचवट्यावर घेणं हा त्यातल्या त्यात चांगला उपाय.

सिग्नलचं गणित सोपं आहे. ३० मीटर रुंदीचा चौक ताशी ४० ने जाणारी मोटार तीन सेकंदांत ओलांडते, ताशी १५ ने जाणाऱ्या सायकलला सात सेकंद लागतात. हिरवा संपतासंपता शिरलेली सायकल बाहेर पडण्याआधी आडवी वाहतूक सुटते का, ते स्टॉपवॉच लावून कडेला उभं राहून बघा. स्वतः शिरून नको. सुटत असेल तर दोन हिरव्यांमधला सर्वांसाठीचा लाल वाढवून मागा.

रस्ते विभागाला पत्र लिहाल तेव्हा एका पत्रात एकच चौक आणि एकच मागणी ठेवा. फोटो, त्रिज्या, सेकंद एवढं जोडा. 'धोकादायक आहे' या वाक्याला उत्तर देणं टाळता येतं, आकड्याला टाळणं कठीण जातं.

दुरुस्ती होईपर्यंत जायचं तर त्याच चौकातून आहे. उभ्या मोटारींपासून किमान एक मीटर दूर चालवा, दार कधीही उघडतं. गटाराच्या जाळीच्या पट्ट्या प्रवासाच्या दिशेने असतील तर चाक अडकतं, म्हणून ती आधीच हेरून ठेवा. उजवीकडे वळायचं असेल आणि रस्ता रुंद असेल तर दोन टप्प्यांत वळा: आधी सरळ पलीकडे, मग तिथला सिग्नल धरून. सिग्नलला ट्रक किंवा बस उभी असेल तर तिच्या डावीकडच्या मोकळ्या फटीत शिरू नका, मग तिथे सायकलचा पट्टा आखलेला का असेना. वळताना लांब वाहनाची मागची चाकं पुढच्यांपेक्षा कितीतरी आतून, कडेला घासत जातात आणि ती फट मिटते. मागेच थांबा आणि गाडी पूर्ण वळून गेली की निघा.